एकतिसावा चिंचोका

दुपारचं ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं आहे. तुमची पाचवीतली लेक कोब्यावर चिंचोके मांडून बसली आहे. शाळेत आज मूळ संख्या झाल्या. घरचा अभ्यास असा, की मूठभर चिंचोके घ्यायचे, मोजायचे आणि त्यांचा आयत होतो का ते पाहायचं. सगळ्या ओळी सारख्या हव्यात. सगळे चिंचोके एकाच लांब रांगेत लावून सुटका करून घ्यायची नाही.

तिच्या मुठीत एकतीस निघाले. दोन-दोनच्या ओळी लावल्या, एक उरला. तीन-तीनच्या लावल्या, एक उरला. पाच-पाचच्या लावल्या, पुन्हा एक. ती वैतागते. तुम्ही हळूच एक चिंचोका उचलून मुठीत घेता. "आता लाव." आता तीस चिंचोके या तिन्ही प्रकारे बसतात. पंधराच्या दोन ओळी होतात, दहाच्या तीन, सहाच्या पाच.

तिच्या लक्षात येतं, की ज्या संख्येचा आयत होतच नाही ती मूळ संख्या. तिला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक. जिचा आयत होतो ती संयुक्त. मग ती आयत फोडायला लागते. तिसाचे दोन गुणिले पंधरा केले आणि पंधरा फोडले, तर २, ३, ५ मिळाले. तीन गुणिले दहा करून दहा फोडले, तरी २, ३, ५. पाच गुणिले सहा करून सहा फोडले, तरीही तेच तिघे. वाट कुठलीही धरा, मुक्कामाला तीच मंडळी भेटतात.

"मग शेवटची मूळ संख्या कोणती?" ती विचारते.

"शेवटची नसतेच," तुम्ही सांगता.

"कशावरून?"

तुम्ही गप्प होता. शाळेत वाचलं होतं, एवढंच आठवतं. तिच्या प्रश्नाला हे उत्तर पुरणार नाही. मुठीतला तो एकतिसावा चिंचोका घट्ट धरा. हा 'कशावरून' फार जुना आहे. तो जिथे विचारला गेला आणि जिथे त्याला उत्तर मिळालं, तिथे जाऊन येऊ.

*

समुद्राचा खारा वारा तोंडावर येतो. तुम्ही अलेक्झांड्रियात आहात, इ. स. पू. ३०० च्या सुमाराला. शहर अजून कोवळं आहे. अलेक्झांडरने पाया घातल्याला जेमतेम तीस वर्षं झाली आहेत. समोरच्या फेरॉस बेटावर ते प्रसिद्ध दीपगृह अजून उभं राहायचं आहे. सावलीत बसलेल्या विद्यार्थ्यांत तुम्हीही जागा करून बसता. इथे युक्लिड शिकवतो. त्याच्या 'एलिमेंट्स'च्या तेरा भागांतले सातवा, आठवा आणि नववा हे तीन भाग संख्यांचे आहेत.

इथली भाषा कानावर येऊ द्या. मूळ संख्येला हे लोक 'प्रोतोस' म्हणतात, म्हणजे पहिली. 'भाग जातो' असं ते म्हणत नाहीत, 'मापते' म्हणतात. संख्या म्हणजे त्यांच्या लेखी एक लांबी. ३ ची काठी १५ च्या काठीला पाच वेळा ठेवून पुरेपूर मापते, १६ ला मापत नाही. आणि एक? एकाला ते संख्या मानतच नाहीत. एक हे माप आहे, ज्याने बाकी सगळ्या संख्या मापल्या जातात.

नवव्या भागातलं विसावं विधान आता स्वतःच्या हाताने करून पाहा. समोर बोरूचे तुकडे आहेत. समजा तुमच्याकडे तीनच मूळ संख्या आहेत आणि जगात याहून जास्त नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे. २, ३ आणि ५ लांबीचे तीन तुकडे घ्या. आता असा बोरू कापा, जो या तिघांनाही पुरेपूर मापता येईल. सर्वांत आखूड असा बोरू ३० लांबीचा निघतो. त्याच्या टोकाला एक लांबीचा तुकडा जोडा.

आता २ च्या काठीने मापा. तीसपर्यंत ती बरोबर येते आणि टोकाचा तो एक बाहेर राहतो. ३ ने मापा, एक उरतो. ५ ने मापा, एक उरतो. तुमच्या घामेजल्या तळहातावर चिंचोका आहे. ओसरीवर लेकीचे आयत मोडणारा हाच तो एक.

या नव्या लांबीला एक तरी मूळ संख्या मापणारच. ती स्वतः मूळ असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर तिचे तुकडे होतील आणि त्या तुकड्यांचे आणखी लहान तुकडे. पण पूर्ण संख्या लहान लहान होत कायम जाऊ शकत नाही, कुठेतरी थांबावंच लागतं. जिथे थांबाल तिथे मूळ संख्या उभी असेल. आणि ती तुमच्या तिघांपैकी असू शकत नाही, कारण ते तिघेही एक उरवतात. म्हणजे चौथी आली. चार हातात आल्या की हेच पुन्हा करा, पाचवी येईल. यादी कितीही लांब असो, तिच्याबाहेर एक तरी उरतेच.

इथे एक काळजी घ्या, कारण पुष्कळ जण इथे घसरतात. गुणाकारात एक मिळवून आलेली संख्या दर वेळी मूळच असते असं नाही. २, ३, ५, ७, ११, १३ यांचा गुणाकार करून एक मिळवला, की ३०,०३१ येतात. ही संख्या ५९ आणि ५०९ यांचा गुणाकार आहे, म्हणजे संयुक्त. पण ५९ आणि ५०९ दोन्ही मूळ आहेत आणि तुमच्या सहा जणांच्या यादीत नव्हत्या. सिद्धतेला एवढंच हवं होतं.

युक्लिडने सगळ्या मूळ संख्या पाहिल्या नाहीत, मोजल्या नाहीत, शंभरापर्यंतची यादीही इथे केली नाही. तीन काठ्या आणि एक जादा तुकडा एवढ्यावर त्याने अनंताबद्दल बोलून दाखवलं. तेवीसशे वर्षं झाली, या युक्तिवादातला एक शब्दही जुना झालेला नाही.

*

शहर तेच, काळ साधारण सत्तर वर्षं पुढचा. फेरॉसवर आता दीपगृह आहे, रात्री त्याची आग दर्यावरून दिसते. तुम्ही ग्रंथालयाच्या आवारात आहात. इथला प्रमुख आहे सायरिनीहून आलेला एरॅटोस्थेनिस. उन्हाच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढणारा तो हाच. पण आज तुम्हाला त्याची चाळणी बघायची आहे.

वाळू पसरलेल्या पाटावर बोटाने लिहा. सम संख्या लिहायच्याच नाहीत. २ सोडून बाकी प्रत्येक समसंख्येला २ ने भाग जातो, त्यामुळे २ हीच एकटी सम मूळ संख्या. तर ३, ५, ७, ९ असं करत ९९ पर्यंतच्या विषम संख्या लिहून काढा. एकोणपन्नास होतात.

३ वर बोट ठेवा. मधल्या दोन सोडून तिसरीवर जा. ९ आली, ती खोडा. पुन्हा दोन सोडा, १५. मग २१, २७. बोट आपोआप पळायला लागतं. ९९ पर्यंत सोळा संख्या गेल्या. आता ५ वर या. मधल्या चार सोडून पाचवी, १५, ती आधीच गेलेली. मग २५. पाचच्या वाट्याला नव्याने फक्त सहा येतात, २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. आता ७. मधल्या सहा सोडून सातवी. २१ गेलेली, ३५ गेलेली, ४९ नवी. मग ७७ आणि ९१. बस, तीनच.

९१ वर बोट क्षणभर थांबू द्या. दिसायला किती साळसूद संख्या! २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ५ ने नाही. शाळेच्या परीक्षेत कितीतरी मुलं हिला मूळ समजून फसतात. चाळणीतून मात्र ती निसटत नाही. तेरा सत्ते एक्याण्णव.

पुढची ११. तिच्यासाठी काही उरलंय का? ३३, ५५, ७७, ९९, सगळ्या आधीच गेल्या. का गेल्या, ते समजून घ्या. शंभराच्या आतली संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर दोघीही दहापेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत. तसं असतं तर गुणाकार शंभराच्या पार गेला असता. म्हणून दहापर्यंतच्या मूळ संख्यांनी चाळलं की पुरे. दहा हजारांपर्यंत चाळायचं असेल तर शंभरापर्यंतच्या पुरतात.

पाटावर चोवीस संख्या उरल्या. त्यांत २ मिळवा, पंचवीस. शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तुमच्यासमोर आहेत. यात तुम्ही एकही भागाकार केला नाही. फक्त पावलं मोजली. घरच्या चाळणीत पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो, आणि आपल्याला पीठ हवं असतं. या चाळणीत वर राहतं तेच हवं असतं.

उरलेल्या संख्यांकडे नीट पाहा. ११ आणि १३ शेजारी, १७ आणि १९ शेजारी, २९ आणि ३१ शेजारी. मध्ये एकच सम संख्या ठेवून बसलेल्या या जोडमूळ संख्या. आणि ८९ नंतर मात्र थेट ९७. चाळणीचे नियम इतके काटेकोर, तरी तिच्यात उरलेल्यांची मांडणी अशी विस्कळीत. या विस्कळीतपणात काही नियम दडला आहे का? हे विचारायला पुष्कळ पुढे जावं लागेल. वाटेत एका ठिकाणी ठेच लागणार आहे, तीही बघून घेऊ.

*

१७३२. सेंट पीटर्सबर्ग. नेवा नदीच्या काठावर विज्ञान अकादमी. पंचवीस वर्षांचा लेओनार्ड ऑयलर कागदावर झुकलेला आहे. समोर प्रश्न आहे तो शंभर वर्षांपूर्वीच्या फर्माचा.

पिएर द फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूजच्या न्यायालयात काम करणारा माणूस, गणित त्याचा फावल्या वेळचा छंद. त्याने २ चे घात घेऊन त्यांत १ मिळवला, पण घातही दर वेळी दुप्पट करत नेला. मिळालेल्या संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ. फर्माला वाटलं, ही माळ अशीच पुढे जाणार. सिद्धता हाती नसल्याचं त्याने पत्रात कबूल केलं होतं, पण त्याचा विश्वास पक्का होता. सहावा मणी होता २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. सव्वाचारशे कोटींच्या पुढची संख्या. तिला कोण तपासणार?

ऑयलरने तपासलं. त्याची वाट त्याने काही वर्षांनी उघड केली. या संख्येला भाग गेलाच, तर तो ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाऊ शकतो. अशा मूळ संख्या ओळीने घ्या. १९३, २५७, ४४९, ५७७. प्रत्येक वेळी बाकी उरते. पाचवी आहे ६४१. बोरू घ्या आणि भागाकार तुम्हीच करा.

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६ गेले, उरले ४४८. वरून ९ उतरवा, ४४८९. सात वेळा, ४४८७ गेले, उरले २. पुढे ६ उतरवा, शून्य. ७ उतरवा, शून्य. २ उतरवा, २६७२, चार वेळा, उरले १०८. ९ उतरवा, १०८९, एक वेळा, उरले ४४८. शेवटचे ७ उतरवा, ४४८७. पुन्हा तेच ४४८७! सात वेळा. बाकी शून्य.

कागदावरचं हे शून्य पाहून तुमच्या अंगावर काटा येतो. पाच मणी खरे होते म्हणून सहावा खरा असेल, एवढीच फर्माची चूक. त्याची बुद्धी अफाट होती, आणि तरीही तो दिसण्यावर विसंबला. लेकीचा 'कशावरून' किती जपायला हवा, ते इथे कळतं. उदाहरणं पाच असोत की पाच कोटी, ती प्रश्न विचारायला लावतात. उत्तर त्यांच्याकडे नसतं.

*

१७९२. जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. पंधरा वर्षांच्या मुलापुढे लॉगॅरिदमच्या कोष्टकांचं पुस्तक आहे, आणि त्याच्या मागच्या पानांवर मूळ संख्यांची यादी. मुलाचं नाव कार्ल फ्रीड्रिख गाऊस. नऊ वर्षांनी, १८०१ मध्ये, तो आपल्या ग्रंथात तुमच्या लेकीच्या २, ३, ५ चं गुपित काटेकोरपणे सिद्ध करेल. एकाहून मोठ्या प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यांचा क्रम तेवढा बदलतो. १ ला मूळ संख्यांत न घेण्याचं कारणही त्यातच आहे. १ ला आत घेतलं, तर तिसाचे अवयव २, ३, ५ असेही लिहिता येतील, १, २, ३, ५ असेही आणि १, १, २, ३, ५ असेही. मुक्कामाला तीच मंडळी भेटतात, हे मग म्हणता येणार नाही.

पण आज हा मुलगा वेगळंच मोजतो आहे. हजार-हजारांचे गट पाडून प्रत्येकात मूळ संख्या किती, ते पाहतो आहे. त्याच्याबरोबर मोजा. पहिल्या हजारात १६८. दुसऱ्यात १३५. मग १२७, १२०, ११९. विरळ होत चालल्या आहेत. सहाव्या हजारात ११४, पण सातव्यात ११७. एकेक पाऊल अडखळतं, तरी एकूण उतार अगदी मऊ आहे. या उताराची गुरुकिल्ली त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानांत आहे, लॉगॅरिदममध्ये. हजाराच्या आसपास दोन मूळ संख्यांमधलं सरासरी अंतर सातच्या जवळ असतं, दहा लाखांच्या आसपास चौदाच्या जवळ. दहापट पुढे जा, की हे सरासरी अंतर सुमारे २.३ ने वाढतं. एकेका मूळ संख्येचा थांगपत्ता लागत नाही, पण त्यांच्या गर्दीला शिस्त आहे.

गाऊसने हे छापलं नाही. १८४९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने योहान एंकेला पत्र लिहून ही लहानपणची गोष्ट सांगितली. आयुष्यभर तो सवड मिळेल तसा हजारांचे गट मोजत आला होता. सिद्धता आली १८९६ मध्ये, फ्रान्सचा जाक हादामार आणि बेल्जियमचा शार्ल द ला व्हाले पूसँ या दोघांकडून, एकमेकांवर न विसंबता. मुलाने पाहिलं आणि जगाने सिद्ध केलं, यांत १०४ वर्षं गेली.

ही वाट पाहणं वाया गेलं, असं कुणाला वाटू नये. गाऊसच्या अंदाजाचं जे अधिक बारीक रूप आहे, ते आजवरच्या प्रत्येक कोष्टकात खऱ्या संख्येपेक्षा किंचित जास्त भरतं. पाहणारा म्हणेल, ते कायम जास्तच भरणार. १९१४ मध्ये इंग्लंडच्या जॉन लिटलवुडने सिद्ध केलं, की हे पारडं पुढे कुठेतरी उलटतं, आणि एकदा नव्हे, अगणित वेळा. कुठल्याही कोष्टकात जे अजून दिसलेलं नाही, ते सिद्धतेला दिसलं.

*

३१ ऑक्टोबर १९०३. न्यू यॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. तुम्ही मागच्या खुर्चीत आहात. फ्रँक नेल्सन कोल यांच्या निबंधाची पाळी येते. विषय आहे, मोठ्या संख्यांचे अवयव. त्या दुपारची कहाणी गणिताच्या जगात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तशीच ती आज तुमच्यासमोर घडते आहे.

मागची हकीकत अशी. १६४४ मध्ये पॅरिसमधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी २ च्या घातांतून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली होती. तीत ६७ वा घात होता. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी दाखवलं, की ती संख्या मूळ नाही. मात्र तिचे अवयव कोणते, ते त्यांच्या पद्धतीतून कळत नव्हतं. कुलूप उघडतं एवढं ठाऊक झालं, किल्ली सापडली नाही. ती आणखी सत्तावीस वर्षं सापडली नाही.

कोल फळ्यापाशी जातात. एक शब्द बोलत नाहीत. खडूने २ चा ६७ वा घात काढतात, १ वजा करतात. फळ्यावर एकवीस अंक उभे राहतात.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

मग दुसऱ्या बाजूला जाऊन ते दोन संख्या लिहितात, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. आणि शाळेतल्या मुलासारखा सरळ गुणाकार सुरू करतात. खडूचा आवाज तेवढा ऐकू येतो. ओळीखाली ओळ उतरते.

तुम्हाला राहवत नाही. तुम्ही बोटांवर नवाचा ताळा पाहता. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसरीची ६४, पुन्हा १०, पुन्हा १. एकेके एक. फळ्यावरच्या एकवीस अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. ताळा जमला! पण ताळा फक्त चूक पकडतो, बरोबर असल्याची हमी देत नाही. हमी त्या ओळींच्या बेरजेतून येणार आहे, म्हणून तुम्ही श्वास रोखून बसता.

शेवटची बेरीज पूर्ण होते. दोन्ही बाजूंचे एकवीस अंक तंतोतंत सारखे आहेत. कोल खडू ठेवतात आणि जागेवर येऊन बसतात. सभा उठून टाळ्या वाजवते. हे शोधायला किती वेळ लागला, असं पुढे कुणी विचारलं तेव्हा त्यांनी तीन वर्षांचे रविवार असं सांगितलं, असं म्हणतात.

फळा पुसला जाण्याआधी एकदा डोळे भरून पाहून घ्या. गुणाकार एका बैठकीत झाला, फोड करायला वर्षं लागली. मूळ संख्यांची ही चढाची बाजू आहे. गुणत जाणं उतारावरून चालण्यासारखं, उलट परतणं कड्यावर चढण्यासारखं. याच कड्याच्या भरवशावर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी अमेरिकेत गुप्तलेखनाची एक पद्धत उभी केली. दोन प्रचंड मूळ संख्या घ्या, त्यांचा गुणाकार खुशाल जाहीर करा. तो फोडल्याशिवाय निरोप उघडत नाही. मोबाइलवरून पाठवलेले पैसे नेमक्या माणसाला पोचतात, त्यामागे अशाच कड्यांचा पहारा असतो.

*

ऑगस्ट २००२. कानपूर. पावसाळी दमट हवा, आय.आय.टी.चं आवार. इथे मनिंद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, एका प्रश्नाचं उत्तर घेऊन आले आहेत. संख्या मूळ आहे की नाही, हे नक्की आणि वेगाने कसं ओळखायचं? वेगाने म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहील अशा तऱ्हेने. नक्की म्हणजे नशिबाचा भाग न ठेवता, आणि सिद्ध न झालेलं काहीही गृहीत न धरता. हे सगळं एका चाचणीत तोवर एकत्र आलेलं नव्हतं. या तिघांच्या चाचणीत आलं.

त्यांच्या विचाराचं मूळ तुमच्या ओळखीचं आहे. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदशास्त्रावर भाष्य लिहिताना मेरुप्रस्तार मांडला. वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज खाली लिहीत जायचं. टोकावरचा एकटा १ ही शून्यावी ओळ धरून सातवी ओळ लिहा. १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १. टोकाचे एक सोडले तर सगळ्यांना ७ ने भाग जातो. सहावी लिहा. १, ६, १५, २०, १५, ६, १. पंधराला ६ ने भाग जात नाही. मूळ संख्येच्या ओळीत आतले सगळे तिला मानतात, संयुक्त संख्येच्या ओळीत कुणीतरी बंड करतंच. ही कसोटी कधीच चुकत नाही, पण मोठ्या संख्येची आख्खी ओळ लिहिणं अशक्य. कानपूरच्या तिघांनी ती ओळ न लिहिता तिची परीक्षा घेण्याची वाट काढली.

त्यांची चाचणी सांगते, मूळ आहे की नाही. अवयव सांगत नाही. ल्यूका आणि कोल यांच्यामधली सत्तावीस वर्षं आठवा. ती दरी अजून तशीच आहे, आणि आपले निरोप त्या दरीच्या आडोशाने सुखरूप आहेत.

*

आता परत या. ओसरी, कोबा, कललेली उन्हं. लेकीने अजून तीस चिंचोके सहा-सहाच्या पाच ओळींत मांडून ठेवले आहेत. तुम्ही किती वेळ गप्प होता, ते तिला कळलेलंही नाही.

तिला सांगता येईल, की १२ ऑक्टोबर २०२४ रोजी एक मूळ संख्या सापडली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. शोध अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरांट यांचा, आणि संख्या हाती लागली डब्लिनमधल्या एका संगणकावर. पण एवढं ऐकून ती पुन्हा विचारेल, मग तीच शेवटची का? आणि नाही म्हणालात, तर तिचा पुढचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून तुम्ही मूठ उघडता. चिंचोका तळहाताला चिकटला आहे. तो तिच्या आयताशेजारी ठेवता.

"समज, जगात २, ३ आणि ५ एवढ्याच मूळ संख्या आहेत. या सगळ्या चिंचोक्यांना त्यांतल्या कुणाच्याही ओळींत बसव."

ती दोन-दोनच्या ओळी लावते. एक उरतो. तीन-तीनच्या, पाच-पाचच्या. ती पुन्हा वैतागणार, इतक्यात तिचे हात थांबतात. ती त्या उरलेल्या चिंचोक्याकडे पाहते, मग तुमच्याकडे.

"सात पण घेतला तर? सगळ्यांना गुणून परत एक टाकायचा?"

तुम्ही मान हलवता. ती बोटांवर गुणायला लागते. दोन त्रिक सहा, सहा पंचे तीस, तीस सत्ते दोनशे दहा. आणि एक. तेवढे चिंचोके तिच्याजवळ नाहीत, आणि आता ते लागणारही नाहीत.

"म्हणजे दर वेळी एक उरणारच," ती म्हणते.

या वेळी 'कशावरून' विचारायची पाळी तुमची आहे. तुम्ही विचारता. आणि ती सांगायला लागते.